दोन महिन्यांचं मांजरीचं पिल्लू लई हडकलंय, दूध-भाकरी खाऊनबी वजन वाढंना, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वसमतला घरामागच्या कडब्याच्या गंजीत पिल्लू सापडलं, अंदाजे दोन महिन्यांचं, वजन सहाशे ग्रॅम, दूध-भाकरी चापून खातंय पण पाठीची हाडं हाताला लागतात अन् पोट मात्र टुम्म. मला तर ह्या टुम्म पोटातच सगळं उत्तर दिसायलंय. हाडं वर आलेली अन् पोट फुगलेलं, असं पिल्लू उपाशी नसतं, त्याला खाल्लेलं अंगी लागत नसतं. म्हणून आधी खाणं वाढवायच्या मागं लागू नका, खाल्लेलं जातंय कुठं ते बघा.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. आमचं परभणीला मोंढ्यात भुसाराचं दुकान आहे, अन् धान्य म्हणलं की उंदीर आलेच, त्यामुळं वडिलांच्या काळापासून दुकानात मांजरी आहेत अन् दरवर्षी कुठली न् कुठली मांजर पोत्यांच्या मागं पिल्लं घालतेच. इथं व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथली पोरं किराणा न्यायला येतात, त्यांना विचारून विचारून अन् दवाखान्याच्या चकरा मारून जे शिकलो तेच सांगायलो.

पहिलं काम जंताचं औषध. मांजरीच्या पिल्लात गोल जंत आईच्या दुधातूनच येतात, म्हणजे पिल्लू घराबाहेर गेलंच नाही तरी त्याच्या पोटात जंत असू शकतात. सापडलेल्या पिल्लाला तर जंत आहेतच असं धरूनच चालायचं. पायरँटेल नावाचं औषध पिल्लांना चालतं, पातळ मिळतं, पण डोस वजनावर असतो म्हणून डॉक्टरकडून लिहून घ्या, घरातल्या लेकरांची जंताची बाटली अंदाजानं पाजू नका. अन् एकदा पाजून भागत नाही, कारण औषधानं आतड्यातले मोठे जंत मरतात पण अंगात फिरणारी बारकी जंतं नंतर आतड्यात येऊन वाढतात. म्हणून पिल्लू आठ-नऊ आठवड्यांचं होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी अन् मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा, साधारण असा हिशोब असतो.

पाजायची पद्धत सांगतो, कारण बरेच जण इथंच चुकतात. पिल्लू पंचात गुंडाळायचं, चारी पाय आत, नुसतं तोंड बाहेर. सुई काढलेली सिरिंज ओठाच्या कोपऱ्यातून, दातांच्या बाजूनं आत सरकवायची अन् थेंब थेंब सोडायचं, त्यानं चाटून गिळलं की पुढचा थेंब. डोकं मागं वाकवून घशात एकदम पिचकारी मारली तर औषध फुफ्फुसात जातं, मग जंत राहिले बाजूला अन् न्यूमोनियाचं बघत बसा. नंतर एक-दोन दिवसांत शीमध्ये शेवयांसारखे पांढरे जंत दिसले तर घाबरू नका, ते बाहेर पडलेलं चांगलंच. कधी कधी काहीच दिसत नाही, तरी औषधानं काम केलेलं असतं. शेपटीखाली केसांना तांदळाएवढे पांढरे तुकडे चिकटलेले दिसले तर ते पट्टकृमी, ते पिसवांमुळं होतात अन् त्याला वेगळं औषध लागतं, प्राझिक्वांटेल, डॉक्टरला तसं सांगा.

दुसरं, दूध बंद. मला माहितीय हे ऐकून घरातली आजी भांडायला उठंल, मांजर अन् दूध हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय. पण आईचं दूध सुटायच्या वयात पिल्लाची दुधातली साखर पचवायची ताकद कमी व्हायला लागते, अन् मग गाईम्हशीच्या दुधानं बहुतेक पिल्लांना ढाळ लागते. ढाळ लागली की पोटातलं सगळं वाहून जातं. अन् भाकरीनं नुसतं पोट भरतं, मांजराचं शरीर मांसावर चालणारं आहे, ज्वारीत त्याला पाहिजे ते मिळत नाही.

आता वजन. ठोकताळा असा की पहिल्या पाच-सहा महिन्यांत महिन्याला साडेचारशे ग्रॅम धरायचे, म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू 900 ग्रॅमच्या आसपास पाहिजे. तुमचं 600 आहे म्हणजे कमीच, पण वय नक्की दोन महिने आहे का तेबी बघा, सापडलेल्या पिल्लाचं वय सगळे अंदाजानंच सांगतात. पुढचे बारके दात तीन-चार आठवड्यांना येतात अन् मागच्या दाढांसकट सगळे दुधाचे दात येईपर्यंत सहा ते आठ आठवडे होतात. दाढा अजून नीट आल्याच नसतील अन् डोळे निळेशार असतील तर ते सहा आठवड्यांचंच असंल, मग 600 ग्रॅम काही लई वाईट नाही.

वजन रोज करा. आमच्याकडं दुकानाचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, कापडी पिशवी ठेवून शून्य करायचं अन् पिल्लू पिशवीत घालायचं, उघड्या काट्यावर ते एक सेकंद थांबत नाही. तुमच्याकडं किचनचा काटा असंल तर चालतंय, नाहीतर गल्लीतल्या किराणावाल्याला सांगा, तो हसंल पण करून देईल. रोज सकाळी, खायच्या आधी, अन् आकडा कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचा. दिवसाला 10 ते 15 ग्रॅम वाढ म्हणजे गाडी रुळावर. एखाद्या दिवशी वाढलं नाही म्हणून काळजी करू नका, पण सलग दोन-तीन दिवस जाग्यावरच राहिलं किंवा उतरलं तर मात्र डॉक्टर.

खायला काय, हा तुमचा खरा प्रश्न. सगळ्यात सोपं म्हणजे पाकिटावर किटन लिहिलेलं कॅट फूड, व्हिस्कास असो की दुसरं कुठलं, मोठ्या मांजराचं नको. एवढ्या पिल्लाला दिवसाला किलोमागं 200 ते 250 कॅलरी लागतात, म्हणजे तुमच्या 600 ग्रॅमच्या पिल्लाला 120 ते 150. कोरड्या किटन फूडमध्ये 100 ग्रॅमला साधारण 350 ते 400 कॅलरी असतात, म्हणजे दिवसाचे 35-40 ग्रॅम झाले, खर्च काही फार नाही. ओल्या पाऊचमध्ये निम्म्याच्या वर पाणीच असतं म्हणून ते महाग पडतं, पण वासाला भारी असतं, खाईना झालेल्या पिल्लाला चाळवायला थोडं वर घालावं. कोरडे दाणे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून मऊ करून द्या. कोमट यासाठी की मांजर वासावर खातं, थंडगार अन्नाला वास येत नाही. नाक चोंदलेलं असंल तर आधी ओल्या कापसानं पुसून घ्या, वासच आला नाही तर ते तोंड लावणार नाही.

पण एकदम ताट भरून ठेवू नका. पहिले दोन-तीन दिवस थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, नंतर चार वेळा. अधाशासारखं खाऊन ओकलं की केलेली मेहनत वाया. भाकरीवरून कॅट फूडवर आणतानाबी चार-सहा दिवस हळूहळू बदल करा, नाहीतर नुसत्या बदलानंच पोट बिघडतं.

घरचं द्यायचं असंल तर चिकन उकडून, हाड काढून, बारीक चुरून. बिनमिठाचं, बिनतेलाचं. येसर मसाला घातलेल्या कांदा-लसणाच्या रश्श्यातला तुकडा धुवून दिला तर चालंल का असं लोक विचारतात, नाही चालत, कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात अन् तो अर्क मांसात उतरलेला असतो, धुवून जात नाही. उकडलेलं अंडं चांगलं. काळीज आवडीनं खातात पण आठवड्यातून एखादा बोटाच्या पेराएवढा तुकडा बास, त्यात अ जीवनसत्त्व फार. अन् रोजचं नुसतं चिकनच नको. मांसात कॅल्शियम जवळपास नसतंच, वाढत्या पिल्लाची हाडं मऊ पडून वाकतात, मोडतातबी. म्हणून मूळ जेवण किटन फूड अन् चिकन वरचं, असं ठेवा. कुत्र्याचं फूड स्वस्त पडतं म्हणून तेच घालणारे आहेत आपल्याकडं, ते करू नका. मांजराला टॉरिन नावाची गोष्ट अन्नातूनच लागते, ती कमी पडली की डोळे जातात अन् हृदय कमजोर होतं. हृदयाचं हे 1987 साली अमेरिकेतल्या संशोधनात समोर आलं, तेव्हापासून कॅट फूडमध्ये टॉरिन बघून घालतात, कुत्र्याच्या फूडमध्ये मांजराला पुरंल एवढं असंलच असं नाही.

आपल्याकडचा अजून एक ताप म्हणजे ऊन अन् मुंग्या. एप्रिल-मेमध्ये दुपारी पिल्लू खातच नाही, पडून राहतं, म्हणून मोठं खाणं पहाटे अन् रात्री द्या. ओलं अन्न अर्ध्या-पाऊण तासात उचलायचं, त्या गरमीत ते आंबतंच. वाटी परातीतल्या पाण्यात ठेवली की मुंग्या चढत नाहीत. पाणी पसरट वाटीत, अन्नापासून जरा लांब, मांजर अन्नाशेजारचं पाणी बऱ्याचदा पीत नाही.

पिसवा बघितल्यात का? कडब्यातलं पिल्लू म्हणजे असणारच. बारीक फणीनं केस विंचरा, काळे कण निघाले तर ओल्या कापसावर दाबा, तांबूस डाग पडला तर ती पिसवांची घाण, म्हणजे पिल्लाचंच रक्त. एवढ्याशा जिवाचं रक्त पिसवा इतकं पितात की हिरड्या पांढऱ्या पडतात, मग वजन कुठून वाढणार. पण हात जोडून सांगतो, जनावरांच्या गोचिडाचं औषध, कुत्र्याची पावडर, फवारणीचं औषध यातलं काहीच लावू नका. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन असली औषधं मांजराच्या लिव्हरला पचवता येत नाहीत, अंग थरथरायला लागतं, झटके येतात, पिल्लं मरतात. फणी, कोमट पाण्यानं झटपट अंघोळ अन् लगेच कोरडं करून उबेला ठेवणं, एवढंच घरी करा, बाकी डॉक्टरनं वजन बघून दिलेलं औषध. तापाची पॅरासिटामॉल तर विषच, चतकोर गोळीबी नको. अन् घरात उंदराचं औषध टाकलेलं असंल तर उचला, मेलेला उंदीर खाऊनबी मांजराला बाधतं.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशीच जास्त येतात, पण जंताचं औषध अन् डोस तिथंबी सांगतात. नीट तपासणी करायची असंल तर वसमतहून परभणी जवळच आहे, व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात या. उदगीरलाबी कॉलेज आहे, पण तुम्हाला ते लांब पडंल. लसीचंबी तेव्हाच विचारून घ्या, सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते अन् तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, रेबीजची तीन महिन्यांनंतर.

थांबायचं नाही अशा गोष्टी: दिवसभर काहीच खाल्लं नाही, सारखं ओकायलंय, पाण्यासारखी ढाळ, रक्त, अंग गार पडलंय, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहतीय. यातलं काहीबी दिसलं तर त्याच दिवशी न्या, मांजराचा पार्वो, म्हणजे विषाणूमुळं होणारा ढाळ-उलट्यांचा जीवघेणा आजार असंल, तर एका रात्रीत खेळ संपतो. गार पडलेल्या पिल्लाला खाऊ घालू नका, आधी फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीनं ऊब द्या, नेता नेता हिरडीला मधाचं बोट लावा.

अन् जंताचे दोन डोस होऊन, दूध बंद करूनबी वजन हलंना झालं तर शी तपासून घ्या, डोळ्याला न दिसणारे जिआर्डिया, कॉक्सिडियासारखे जीव असतात, ते पायरँटेलनं मरत नाहीत. छोट्या डबीत न्यायची, त्याच दिवशीची, वाळलेली नको.