स्विफ्टमध्ये १२ इंची वूफर बसवला, पण बेस नुसता घुमतो. मोठा अ‍ॅम्प घ्यावा का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: नवा अँड्रॉइड डेक (डॅशबोर्डवरचा प्लेअर), तयार पोर्टवाल्या, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेल्या, बॉक्समध्ये १२ इंची ड्युअल कॉइल (दोन वेटोळ्यांचा) वूफर, म्हणजे बेसचा स्पीकर, ४ अधिक ४ ओहमचा, पॅरलल जोडून २ ओहम केलेला. १५०० वॅट छापलेला, सिग्नलची ताकद वाढवणारा मोनो (एकाच चॅनेलचा) अ‍ॅम्प, त्यावर एकच ३० अँपिअरचा फ्यूज. दारांत गाडीबरोबर आलेलेच स्पीकर. आवाज भरपूर, पण प्रत्येक गाण्याचा बेस सारखाच, नंबरप्लेट थडथडते, आणि दुकानदार म्हणतो अ‍ॅम्प मोठा घ्या.

घेऊ नका. पॉवर दुप्पट केली तरी आवाज वाढतो ३ डेसिबल, म्हणजे कानाला "थोडा वाढला वाटतं" एवढाच. आणि आवाज कमी आहे ही तुमची तक्रारच नाही. नळ मोठा केल्याने गढूळ पाणी निवळत नाही.

मी या धंद्यातला नाही, हौशी आहे. माझी पहिली सिस्टीम जुन्या वॅगनआरमध्ये होती. मी गेन पूर्ण फिरवला, बेस बूस्ट पूर्ण फिरवला आणि खूश होऊन गावभर हिंडलो. आई एकदा मागे बसली आणि म्हणाली, "पोटात कालवतंय, बंद कर ते." दोन महिन्यांत कॉइल जळली. तो जळका वास सीटमध्ये पावसाळा संपेपर्यंत होता. तेव्हापासून मी एकच कसोटी लावतो: ड्रायव्हरच्या सीटवर डोळे मिटून बसलेल्या माणसाला वूफर डिकीत आहे हे कळलं, तर ट्यूनिंग चुकलंय. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो ते कानाला नीट सांगता येत नाही. तरी कळत असेल तर काहीतरी चुगली करतंय, आणि तुमच्या गाडीत पहिली चुगलखोर ती नंबरप्लेट आहे. तिचा खडखडाट बेस नाही, बराच वरचा आवाज आहे, म्हणून कान लगेच मागे वळतो. प्लेट स्नॅप लॉकची असेल तर लॉक तोडू नका, मागच्या फटीत फोमची चिकटपट्टी सरकवा. मग डिकीतला जॅक, पाना, मागचा ट्रे, सगळं हाताने दाबून बघा.

आता अ‍ॅम्पचं. छापलेला आकडा विसरा आणि फ्यूज बघा. ३० अँपिअर गुणिले गाडी चालू असतानाचे १३.८ व्होल्ट म्हणजे ४१४ वॅट. याहून जास्त वीज त्या अ‍ॅम्पमध्ये फार वेळ शिरू शकत नाही. क्लास डी (वीज कमी वाया घालवणारा) अ‍ॅम्प त्यातले ८० टक्क्यांच्या आसपास बाहेर देतो, म्हणजे ३३० वॅट. आपण ३०० धरू. १५०० वॅट फक्त खोक्यावर आहेत. आणि ३०० खरे वॅट स्विफ्टएवढ्या केबिनला भरपूर झाले.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, हे मला कोणीतरी आधी सांगितलं असतं तर एक वूफर वाचला असता. डेकमधून येणारा सिग्नल किती मोठा आहे, हे अ‍ॅम्पला सांगणारं ते बटण आहे. डेक २ व्होल्ट देत असेल आणि अ‍ॅम्पला तुम्ही सांगितलं की अर्धाच येतोय, तर अ‍ॅम्प आवाक्याबाहेर ताणला जातो आणि लाटांचे माथे सपाट कापले जातात. पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट पॉवर असते. ती कॉइलमध्ये उष्णता होऊन बसते. बेस घुमल्यासारखा वाटण्यातही याचा हात असतो, कारण माथा कापला की मूळ सुरात नसलेले वरचे सूर त्यात घुसतात.

गेन मल्टिमीटरने लावा. वूफरच्या वायरी अ‍ॅम्पमधून काढा. डेकचा इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद. अ‍ॅम्पचा बेस बूस्ट शून्यावर, सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) बंद किंवा सगळ्यात खाली, लो पास (वरचे सूर अडवणारा) तात्पुरता पूर्ण वर. पेन ड्राइव्हवर ५० हर्ट्झचा ० डेसिबलचा साइन टोन, म्हणजे एकाच सुराची गोल लाट, घ्या. ब्लूटूथवरून नको, फोन आपल्या मनाने आवाज वरखाली करतो. इंजिन चालू ठेवा, पण बंद गॅरेजमध्ये हे करू नका. डेकचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांश, ४० पैकी ३०. मीटर एसी व्होल्टवर लावून त्याची दोन टोकं अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा, एकमेकांना चिकटू देऊ नका. व्होल्टेज किती हवं? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ३०० गुणिले २ म्हणजे ६००, वर्गमूळ २४.५. गेन शून्यापासून हळूहळू वाढवत २४ व्होल्टला थांबा. साधा स्वस्तातला मीटरही इथे चालतो, कारण तो घरातली वीज मोजायला बनवलेला असतो आणि आपली वीजही ५० हर्ट्झचीच.

ही वरची मर्यादा झाली. वूफर पुढच्या स्पीकरपेक्षा जड वाटला तर खुशाल खाली आणा. वर मात्र नेऊ नका, आणि डेकचा व्हॉल्यूमही ३० च्या पुढे नको.

सगळ्या गाण्यांचा बेस सारखा वाटतो, त्याचा माझा पहिला संशय बॉक्सवर आहे. तयार पोर्टवाले बॉक्स बऱ्याचदा एका ठरावीक सुरावर जोरात बोलतील असेच असतात. दुकानात ऐकवायला ते बरं पडतं. पैसे न घालता खात्री करा: पोर्टमध्ये दोन जुने मोजे घट्ट कोंबा आणि तीच गाणी ऐका. आवाज थोडा कमी होईल, पण ढोलकी आणि बेस गिटार वेगळे ऐकू आले तर उत्तर मिळालं. मग सुताराकडून बंद बॉक्स करून घ्या, १८ मिलीमीटर एमडीएफचा, आतलं माप वूफरच्या कागदावर दिलं असेल तेवढं. छोट्या गाडीत बंद बॉक्सचा एक फायदा आहे. तो आपल्या मर्यादेखाली दर सप्तकाला सुमारे १२ डेसिबलने उतरतो, आणि बंद काचांची लहान केबिन खालच्या सुरांना जवळपास तेवढीच उचल देते. दोन्ही एकमेकांना सांभाळून घेतात. पोर्टवाला बॉक्स उतरतो २४ ने. आणि तो ज्या सुरावर जुळवलाय त्याच्या खाली कोनला हवेचा आधार राहत नाही, कोन सैरभैर हलतो. म्हणून पोर्टवालाच ठेवणार असाल तर सबसॉनिक फिल्टर चालू हवाच. बॉक्स ३५ हर्ट्झचा असेल तर २८ ते ३० वर.

आता पुढचे स्पीकर. खरं काम इथे आहे. तबलजी डोळ्यांसमोर आणा. तबल्याची चाट दारातून येणार, डग्ग्याची घुमक डिकीतून. पण तबलजी एकच आहे, आणि तो डॅशबोर्डवर बसलेला दिसला पाहिजे. डग्गा मागे आणि तबला पुढे असं झालं, तर एकाच माणसाचे दोन तुकडे केलेत तुम्ही.

डेकमध्ये पुढच्या स्पीकरना ८० हर्ट्झचा हाय पास, म्हणजे त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर, लावा. एवढ्यानेच दारांतले स्पीकर मोकळे होऊन स्वच्छ बोलतील. वूफरला लो पास ८०, पण तो डेकमध्ये किंवा अ‍ॅम्पमध्ये, एकाच ठिकाणी. दोन्हीकडे लावला तर उतार नको तितका तीव्र होतो आणि मध्ये खड्डा पडतो. अ‍ॅम्पच्या बटणावरचे आकडे अंदाजाचे असतात, शेवटचं फिरवणं कानानेच. पुढच्या दोन स्पीकरची पोलॅरिटीही तपासा. वूफर बंद करून बॅलन्स एका बाजूला नेल्यावर बेस वाढला, तर एका दारात प्लस-मायनस उलटं आहे.

मग फेज, म्हणजे वूफर आणि पुढचे स्पीकर एकाच वेळी पुढे-मागे हलतात का ते. तबल्याची ओळखीची रेकॉर्डिंग लावा, ड्रायव्हर सीटवर बसा, मित्राला मागे पाठवा आणि फेजचं बटण ० आणि १८० करायला सांगा. ज्या बाजूला ८० हर्ट्झच्या आसपासचा ठोका भरीव वाटेल ती बरोबर. अ‍ॅम्पला बटण नसेल तर वूफरच्या दोन वायरी उलट करा, काम तेच.

डेकमध्ये टाइम अलाइनमेंट (प्रत्येक स्पीकरचा आवाज थोडा थांबवून सोडायची सोय) असेल तर टेप घेऊन मोजा. समजा तुमच्या डोक्यापासून उजवं दार ९० सेंटिमीटर, डावं १४०, वूफर २००. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. सगळ्यात लांबच्याला शून्य, जवळच्यांना थांबवायचं: उजव्याला ३.२ मिलिसेकंद, डाव्याला १.८. पहिल्यांदा हे केलं तेव्हा गायक उजव्या दारातून उठून मध्यभागी आला, आणि मी गाडीत एकटाच हसत बसलो होतो. बायकोच्या सीटवरून मात्र सगळं बिघडतं, त्याला इलाज नाही.

वायरिंगचं थोडक्यात, पण हे टाळू नका. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो अ‍ॅम्पसाठी नसतो, वायरीसाठी असतो. इंजिनमागच्या पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट नसेल, तर पत्रा वायर कापतो आणि आग लागू शकते. वायरीची एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर तांब्याचा नुसता मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. खऱ्या तांब्याची ८ गेज तुम्हाला पुरेल, मुलाम्याची असेल तर ४ गेज घ्या. अर्थिंग आखूड, रंग घासून उघड्या पत्र्यावर. इंजिनच्या रेसबरोबर चढणारी किणकिण स्पीकरमधून येत असेल तर आधी तिथेच बघा. पॉवरची वायर एका बाजूने आणि आरसीए (डेकचा सिग्नल नेणारी वायर) दुसऱ्या बाजूने न्या.

एवढं करून पैसे खर्च करायची इच्छा उरलीच, तर मोठ्या अ‍ॅम्पऐवजी पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग करा, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणारा थर लावा, आणि चांगले कॉम्पोनंट स्पीकर (वरच्या सुरांचा स्पीकर वेगळा असलेले) बसवा. क्रमही हाच, आधी डॅम्पिंग. थरथरत्या पत्र्यावर महागडा स्पीकरही डब्यातच वाजतो.

सगळं लागलं की गेनच्या बटणावर नेलपॉलिशचा ठिपका द्या, निम्मा बटणावर आणि निम्मा अ‍ॅम्पवर. गाडी सर्व्हिसिंगहून आली किंवा भाचा घेऊन गेला की मी आधी डिकी उघडून ठिपका बघतो. गेल्या दिवाळीत तो अर्धा इंच सरकलेला होता.