कॅमेऱ्याच्या डोळ्यावरची काच

प्रश्न : आमचं घर गुहागरजवळ, मागे नारळ-पोफळीचं आगर. दिवाळीपासून रात्री कुणीतरी झाडावरची पिकली पपई खाऊन जातं आणि माडाची दोन रोपं बुंध्याशी कुरतडलीत. सासूबाई म्हणतात साळ (साळिंदर), शेजारचे भाऊजी म्हणतात कांडेचोर. विकतचा ट्रॅप कॅमेरा परवडणारा नाही, म्हणून मुलाने जुना वेबकॅम रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकाला जोडला आणि इन्फ्रारेड एलईडी मागवून लावले. चित्र मात्र काळंकुट्ट. दिवे खराब निघाले का?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : ताई, दिवे टाकून देऊ नका. ते पेटवा आणि मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून अगदी जवळून त्यांच्याकडे बघा. जांभळट ठिपके दिसले की दिवे ठीक. दापोलीच्या माझ्या दुकानात टीव्हीचा रिमोट मी असाच तपासतो.

अडचण वेबकॅममध्ये आहे. दिवसाचे रंग बिघडू नयेत म्हणून त्यात इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला जवळजवळ न दिसणारा उजेड, अडवणारी काच मुद्दाम बसवलेली असते. समोरून थेट येणारा झोत थोडा तरी आत शिरतो. पपईवर आपटून परत येणारा अंधुक उजेड नाही शिरत. मुलाला सांगा, भिंग आटे फिरवून बाहेर काढ. मागच्या बाजूला नखाएवढी चौकोनी काच दिसेल, तिरकी धरली की लालसर चमकते. ब्लेडच्या टोकाने ती हलकेच उचलायची. चष्मा लावूनच, कारण तुटली तर कच उडतात. आतल्या, चित्र टिपणाऱ्या सेन्सरला बोट लावायचं नाही. काही कॅमेऱ्यांत ही काच भिंगाला नसते, सेन्सरच्या वरच्या चौकटीत असते. तिथे हात आणखी हलका ठेवा.

काच गेली की फोकस सरकतो, आणि हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. रात्रीच, एलईडीच्या उजेडात, तीन मीटरवर वर्तमानपत्र टांगा आणि मथळा वाचता येईपर्यंत भिंग फिरवा. मग नेलपॉलिशचा एक थेंब टाकून आटे पक्के करा.

दिवे ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे आहेत ना, ते बघून घ्या. ९४० चे डोळ्याला अजिबात दिसत नाहीत, पण साध्या सेन्सरलाही ते फार कमी दिसतात. ८५० चे अंधारात पुसट लाल दिसतात. माझ्या परसातल्या जनावरांनी त्याची फिकीर केलेली नाही. पाच व्होल्टवर दोन-दोन एलईडी एकापुढे एक जोडा आणि प्रत्येक जोडीला १०० ओहमचा रेझिस्टर द्या, म्हणजे वीस मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह राहतो. बारा जोड्या परसाला पुरतात.

आता माझी चूक ऐका. पहिला कॅमेरा मी पारदर्शक डब्यात बसवला, भिंग आणि दिवे एकाच झाकणामागे. आठ रात्री नुसतं दूध! दिव्यांचा उजेड झाकणावरून उलटून सरळ भिंगात जात होता. मग दिवे वेगळ्या डब्यात, हातभर लांब नेले आणि भिंगाभोवती सायकलच्या ट्यूबचं कडं कापून ते काचेला घट्ट टेकवलं. नवव्या रात्री तीनच्या सुमारास उदमांजर आलं, म्हणजे तुमच्या भाऊजींचा कांडेचोर. पुढचे दोन पाय गडग्यावर, मान आमच्याकडे वळवलेली, आणि मिशीला पपईची एक बी चिकटलेली. बायकोला झोपेतून उठवून दाखवलं.

दिवे लांब ठेवल्याचा आणखी एक फायदा झाला. कोळी दिव्यांपाशी जाळं विणतो. ते भिंगापुढे राहत नाही. थंडीत दव पडतं, म्हणून वर पोफळीच्या विरीचा आडोसा करा. समोरचं गवत कापाच, कारण पानं इन्फ्रारेडमध्ये पांढरीफेक दिसतात आणि जवळचं एक पातं सगळं चित्र खाऊन टाकतं.

पायवर ‘मोशन’ हा फुकट प्रोग्रॅम टाका. चित्रात हालचाल झाली की तो फोटो साठवतो. चित्रातले किती ठिपके (पिक्सेल) बदलले की फोटो घ्यायचा, तो आकडा मुळात १५०० असतो. मतलई वाऱ्याने झावळ्या हलल्या तरी फोटो निघत राहतील. मी तो ३००० वर ठेवला आहे. परसात वीज असेल तर पॉवरबँक नकोच.

माझ्या मते तुमच्याकडे पाहुणे दोन आहेत. पपईवर चढणारा कांडेचोर, आणि रोपाचा बुंधा कुरतडणारी साळ. साळ झाडावर चढून पपई खायची नाही. तेव्हा सासूबाई आणि भाऊजी, दोघांचंही खरं. आधी कॅमेरा रोपांकडे लावा, गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाटेला थोडा तिरका. साळ ठरलेल्या वाटेने फिरते. कुरतडलेलं एक रोप तसंच राहू द्या, बाकीच्यांना आजच जाळी करा.

आणि एखाद्या रात्री खवले मांजर दिसलं तर फोटो गावच्या ग्रुपवर मुळीच टाकू नका. खवल्यांसाठी त्याला मारतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ते आहे. मुलालाही आधीच सांगून ठेवा : तो फोटो फक्त तुमच्या भागातल्या वनरक्षकाला दाखवायचा, आणि जागाही त्यांनाच सांगायची.