हॅरी पॉटरमधला ड्रेको मालफॉय खलनायक म्हणावा का?

पूर्ण खलनायक नाही, पण त्याला सरसकट माफही करता येत नाही. बापाच्या नावावर माज करणारा, हॅरीची मैत्रीण हर्मायनी हिला जन्मावरून (तिचे आईवडील जादूगार नाहीत म्हणून) शिवी देणारा हा हॅरीच्या शाळेतला पोरगा; त्याचं समर्थन मी करणार नाही. पात्र खरं उभं राहतं ते सहाव्या पुस्तकात (२००५). सोळाव्या वर्षी शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर यांना मारायची कामगिरी कथेतला मुख्य खलनायक वोल्डेमॉर्ट त्याच्यावर सोपवतो, नाहीतर घरच्यांचा जीव जाणार. तो बाथरूममध्ये भुताजवळ रडतो आणि मनोऱ्यावर निःशस्त्र डम्बलडोरसमोर त्याची जादूची छडी हळूहळू खाली येते. किती घाबरलंय ते पोर! सातव्या पुस्तकात पकडून आणलेल्या हॅरीला ओळखायला सांगितल्यावरही तो ठाम उत्तर टाळतो. मात्र शेवटच्या लढाईत तो हॅरीला पकडायलाच आला होता, हे त्याचे चाहते विसरतात.