चिकणमाती कधी दबते आणि कधी सरकते?

प्रश्न : चिकणमातीवरची एक इमारत वर्षानुवर्षे थोडीथोडी खचत राहते, तर दुसरी भार पडताच कलंडते. माती एकाच प्रकारची असताना असे का घडते?

उत्तर : याचे कारण मातीच्या कणांमध्ये अडकलेल्या पाण्यात आहे. चिकणमातीतील पोकळ्या इतक्या सूक्ष्म असतात की जाड, संपृक्त (पोकळ्या पाण्याने पूर्ण भरलेल्या) थरातून पाणी बाहेर पडण्यास कित्येक वर्षे लागू शकतात. भार झपाट्याने आला, तर पाण्याला निसटण्यास वाव मिळत नाही आणि ते जवळजवळ दाबले जात नसल्याने वाढीव भार आधी तेच पेलते. कणांमधील घर्षण मात्र वाढत नाही. अशा वेळी मातीचे घनफळ तेवढेच राहून केवळ आकार बदलतो. ती पायाखालून बाजूला सरकते आणि शेजारची जमीन फुगते. कॅनडात विनिपेगजवळील ट्रान्स्कोना येथील नवे धान्यकोठार ऑक्टोबर १९१३ मध्ये भरले जात असताना असेच दिवसभरात सुमारे २७ अंशांनी कलंडले.

भार टिकून राहिला आणि माती तोवर तग धरून राहिली, तर पाणी झिरपत जाते, कण जवळ येतात आणि थर खचतो. पण तो अधिक मजबूतही होतो. या दृढीकरणाचा गणिती सिद्धांत मृदा-अभियंता कार्ल टेरझागी यांनी १९२० च्या दशकात मांडला. त्यानुसार पाण्याची वाट दुप्पट लांबली की लागणारा वेळ चौपट होतो. पिसाच्या मनोऱ्याचे ११७३ मध्ये सुरू झालेले बांधकाम जवळपास शतकभर थांबले, तेवढ्या काळात खालची माती घट्ट झाली. ते सलग चालले असते, तर मनोरा बहुधा उभा राहिला नसता.

पाण्याचा जादा दाब ओसरल्यावरही कणांची फेरमांडणी चालू राहते आणि माती अतिशय मंद गतीने दबत राहते. शिवाय प्रयोगशाळेत चाचणीचा वेग दहापट केला, तर मातीची निचऱ्याविना, म्हणजे पाणी बाहेर पडू न देता, मोजलेली ताकद साधारण दहा टक्क्यांनी वाढलेली दिसते. म्हणून घाईघाईने केलेल्या चाचणीच्या आकड्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते, कारण त्याच ताकदीच्या जवळपास जाणारा भार दीर्घकाळ राहिल्यास माती सरकत सरकत निकामी होऊ शकते. भराव टप्प्याटप्प्याने घालावा, निचरा जलद व्हावा म्हणून थरात उभे निचरा-मार्ग बसवावेत आणि पुढचा टप्पा चढवण्यापूर्वी पिझोमीटरवरील (मातीतील पाण्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणावरील) दाब पुरेसा उतरल्याची खात्री करून घ्यावी.