वाचकांचे प्रश्न : जीवाश्म शंख कसे ओळखावेत?

प्रश्न : आमच्या शाळेच्या संग्रहात कच्छमधील काही जीवाश्म शंख आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांचे लांबट, गोल आणि चपटे असे गट केले. हे वर्गीकरण योग्य आहे काय? असे समुद्री शंख सोलापूर परिसरात मिळू शकतील काय?
– एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : आकारावरून केलेले गट ही निरीक्षणाची चांगली सुरुवात आहे, परंतु त्याला वर्गीकरण म्हणता येणार नाही; कारण दूरच्या नात्यातील गोगलगायींमध्येही सारखाच बाह्य आकार स्वतंत्रपणे निर्माण झालेला आढळतो. शंखाचा शेंडा वर आणि मुख आपल्याकडे धरून प्रथम मुखाची कड पाहावी. टरिटेला आणि सेरिथियम हे दोन्ही लांबट, अनेक वेढ्यांचे शंख असल्यामुळे विद्यार्थ्यांनी ते एकाच गटात ठेवले असतील. मात्र टरिटेलाच्या मुखाची कड अखंड असते व वेढ्यांवर केवळ सर्पिल रेषा उठलेल्या दिसतात, तर सेरिथियमच्या मुखाशी खाली आखूड पन्हळ असते आणि वेढ्यांवर बहुधा गाठी असतात. ही पन्हळ महत्त्वाची आहे, कारण कल्ल्यांकडे पाणी ओढून घेणारी प्राण्याची नळी तिच्यातून बाहेर येते, आणि लांब पन्हळीचे बहुतेक शंख मांसाहारी गोगलगायींचे असतात.

त्यानंतर मुखाच्या आतील बाजूचा मध्यस्तंभ, म्हणजे ज्याभोवती शंखाचे वेढे फिरतात तो मधला खांब, भिंगाखाली पाहावा. व्होल्युटा या शंखाच्या स्तंभावर ठळक घड्या असतात, कोनस या शंखाच्या स्तंभावर त्या नसतात. शेंड्याचे टोक शाबूत असेल तर ते मोलाचे समजावे : तेथे गोगलगायीचे भ्रूणकवच, म्हणजे भ्रूण व अळी या अवस्थांत बनलेले पहिले कवच, टिकून असते. ते लहान व अनेक वेढ्यांचे असल्यास अळी समुद्रात तरंगत, खात वाढली असे अनुमान काढता येते; आर्किटेक्टोनिकासारख्या शंखांत तर भ्रूणकवचाचे वेढे पुढील वेढ्यांच्या उलट दिशेने गेलेले असतात, आणि हेच लक्षण त्यांचा मोठा गट ठरवते.

पुष्कळदा मूळ कवच विरघळून जाते आणि आत भरलेल्या गाळाचा दगडी साचा तेवढा उरतो. त्यावर बाहेरील नक्षी नसते, म्हणून अशा नमुन्याला प्रजातीचे नाव देण्याचा मोह टाळावा. 'नॅटिकासारखा, आतील साचा' एवढीच चिठ्ठी अधिक प्रामाणिक ठरेल. चिठ्ठीवर सापडल्याचे ठिकाण आणि खडकाचा थरही अवश्य लिहावा. जुन्या पुस्तकांत आढळणारा गोगलगायींचा 'प्रोसोब्रँकिया' हा मोठा गट आता मानला जात नाही, कारण जिवंत गोगलगायींची नाती मृदू अवयव व डीएनए यांवरून नव्याने लावली गेली आहेत.

सोलापूरची भूमी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसाल्टची असल्यामुळे तेथे समुद्री शंखांची अपेक्षा ठेवू नये. दख्खनच्या पठारावर काही ठिकाणी मात्र लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ दबलेला आहे आणि त्यात फायसा या गोड्या पाण्यातील गोगलगायीचे शंख मिळतात; वर सांगितल्याप्रमाणे धरल्यास त्यांचे मुख डाव्या बाजूला येते, तर बहुतेक समुद्री शंखांचे उजव्या बाजूला.