मधल्या घरात थिएटर, आणि खांबाचं काय करायचं?

वाचक विचारतात : घरातला टीव्ही, आवाज आणि वायरिंग

प्रश्न : नमस्कार. आमचं घर वडगावात, आजेसासऱ्यांच्या वेळचं. पुढं सोपा, मग मधलं घर, मग स्वयंपाकघर आणि मागं परडं. मधल्या घरात होम थिएटर करायचं चाललंय. खोली १८ बाय १० फूट आहे पण सोप्याचं दार आणि स्वयंपाकघराचं दार एकाच रेषेत, दोन्ही डाव्या भिंतीला लागून, त्यामुळं दिवसभर ये-जा. उजवीकडं मागच्या कोपऱ्यात माडीचा लाकडी जिना. आणि सोप्याच्या भिंतीपासून ९ फुटांवर सागवानी खांब, तो हलवायचा प्रश्नच नाही, वर तुळई आहे. दुकानदार म्हणतोय टीव्ही जिन्याकडच्या भिंतीवर ७५ इंची घ्या, सेव्हन पॉइंट वन (सात स्पीकर आणि खालच्या सुरांचा एक सबवूफर) करू, वर अ‍ॅटमॉस (डोक्यावरनं पण आवाज येतो ते) पण बसवू. बजेट दीड लाख. सासूबाईंची तक्रार वेगळीच, आवाज कितीही वाढवला तरी सिरियलमधलं बोलणंच कळत नाही म्हणतात. काय करावं?
(एक वाचक, वडगाव, बेळगाव)

उत्तर : दुकानदारानं घरी येऊन खोली बघितली का हो? मला नाही वाटत. जिन्याकडच्या भिंतीवर टीव्ही लावला तर बघणारा आणि टीव्ही यांच्या मधोमध खांब येतो, आणि जिन्यावरनं कोण उतरलं की सगळ्यांचं लक्ष तिकडं. उलटं करा की. टीव्ही सोप्याकडच्या भिंतीवर, दाराच्या उजवीकडं. कोच असा ठेवा की बसलेल्याचे डोळे टीव्हीपासून साधारण ७ फुटांवर येतील, म्हणजे खांब पाठीमागं जातो. माणसं कोचाच्या डाव्या बाजूनं जातील-येतील, पडद्याच्या आडवं कोणी येणार नाही. आधी खडूनं जमिनीवर कोचाची आणि वाटेची रेघ मारा आणि एक रविवार तसंच वावरून बघा, स्वयंपाकघरातनं ताटं घेऊन येणारीला अडचण होते का ते तेव्हाच कळतं. अडचण झाली तर कोच सरकवा, टीव्ही अजून घेतलेलाच नाही म्हटल्यावर काही बिघडत नाही.

आता साइज. भिंत १० फूट, दार आणि चौकट साडेतीन फूट धरली तर उरली साडेसहा फूट, म्हणजे ७८ इंच. ६५ इंची टीव्हीची रुंदी साधारण ५७ इंच असते, दोन्हीकडं १० इंचाच्या आसपास जागा राहते, तिथं छोटे बुकशेल्फ स्पीकर बसतात. ७५ इंचीची रुंदी ६५-६६ इंच, मग दोन्हीकडं जेमतेम सहा-सहा इंच राहतात, स्पीकर कुठं लावणार, सोप्यात? शिवाय ७ फुटांवरनं ६५ इंची टीव्ही डोळ्यासमोर ३७ अंशांच्या आसपास जागा व्यापतो. घरातल्या सिनेमासाठी ३० ते ४० अंश हाच पट्टा सांगतात, म्हणजे ६५ इंची तुम्हाला बरोबर बसतो. पैसे उरतील ते आवाजाला लावा.

आवाजाचं बोलायचं तर सासूबाईंची तक्रार या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, तुम्ही ती शेवटी लिहिलीय. टीव्ही पातळ झाले तसे आतले स्पीकर खाली किंवा मागं तोंड करून बसवायला लागले, आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडं येतो, त्यात बोलणं विरघळतं. तुम्ही फाइव्ह पॉइंट वन (पाच स्पीकर, एक सबवूफर) घ्या. त्यात जो सेंटर स्पीकर असतो तो मुख्यतः बोलण्यासाठीच. त्यामुळं पाचातला सेंटर चांगला घ्या, मागचे दोन साधे चालतील. सेंटर टीव्हीच्या खाली, कपाटाच्या अगदी पुढच्या काठाला, आणि तोंड थोडं वर बसलेल्या माणसाच्या कानाकडं. कपाटाच्या आत ढकलून समोर गणपतीची मूर्ती आणि चाव्यांची टोपली ठेवायची नाही (हे मी घरोघरी बघितलंय). रिसीव्हरच्या (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा डबा) सेटिंगमध्ये सेंटरची लेव्हल दोन-तीन डेसिबल वाढवता येते, आणि नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज असं काहीतरी असतं ते चालू केलं की स्फोट कमी आणि बोलणं मोठं होतं. सासूबाई खूश.

साउंडबार घेऊ का, असं पुढच्या पत्रात विचाराल म्हणून आत्ताच सांगते. ज्या साउंडबारला मागचे वेगळे स्पीकर नसतात ते दोन्ही बाजूच्या भिंतींवर आवाज फेकून आजूबाजूनं आवाज आल्याचा भास तयार करतात. तुमच्याकडं उजवी भिंत कोचाला खेटून आणि डावी भिंत वाटेच्या पलीकडं, भास एकाच बाजूला होणार. अ‍ॅटमॉसचं पण तेच, वर तोंड केलेले स्पीकर सपाट छतावर आवाज आपटवतात, तुमच्या छताला फळ्या आणि तुळया, आवाज नीट परत यायचाच नाही. अ‍ॅटमॉस सोडा, सेव्हन पॉइंट वन पण सोडा, त्यातले मागचे जादाचे दोन स्पीकर काय जिन्याच्या पायरीवर ठेवणार?

समोरचे दोन स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, मधून २२ ते ३० अंशांवर असावेत म्हणतात. ७ फुटांवर बसलं तर तुमचे २२ वर येतात, काठावर पास. डावीकडचा दाराच्या चौकटीजवळ येतो त्यामुळं तो स्टँडवर नको, भिंतीला ब्रॅकेट मारा, आणि दाराची फळी कुठल्या बाजूला उघडते ते आधी बघा. सराउंडचे, म्हणजे पाचातले मागचे, दोन कोचाच्या किंचित मागं, बसलेल्याच्या डोक्यापेक्षा फूट-दीड फूट वर. उजवा भिंतीवर सव्वातीन फुटांवर येईल, डावा वाटेच्या पलीकडं पावणेसात फुटांवर. हे असमान अंतर बघून घाबरू नका. आवाज एक फूट जायला साधारण एक मिलीसेकंद घेतो, रिसीव्हरबरोबर छोटा माइक येतो तो कोचावर कानाच्या उंचीला ठेवून ऑटो सेटिंग चालवलं की जवळच्या स्पीकरला तो तेवढा उशीर लावतो आणि आवाजही जुळवतो. तेवढा वेळ मिक्सर बंद ठेवायला सांगा. डाव्या स्पीकरची वायर जमिनीवरनं ओढू नका, तुळईच्या कडेनं वरून न्या, लाकडात लाकडी रंगाची पट्टी दिसत पण नाही.

उजवी भिंत जवळ असल्यामुळं तिकडचा आवाज जरा कर्कश वाटेल. कोचावर बसा, कुणालातरी आरसा घेऊन उजव्या भिंतीला लावत पुढं-पुढं जायला सांगा, ज्या ठिकाणी आरशात तुम्हाला उजवा स्पीकर दिसला तिथंच आवाज आपटतोय. तिथं जाड वाकळ टांगा, भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून, कारण मागं हवा राहिली की कापड जास्त खालचे सूर पण शोषतं. वडगावात विणकरांची घरं आहेत, वाकळीवर घालायला सुंदर खोळ मिळेल, बाजारातला काळा फोम चिकटवून घराची कळा घालवू नका.

सबवूफर जिन्याखालच्या खोबणीत ठेवायचा मोह होणार, जागा रिकामी आहे ना. ठेवू नका, तिथं तो नुसता घुमतो. शेजाऱ्याची भिंत सामाईक असेल तर त्या भिंतीपासून लांब ठेवा आणि खाली जाड रबर घाला, कारण खालचे सूर भिंतीतनं सरळ पलीकडं जातात आणि लाकडी माडी तर थरथरतेच. गल्लीतली भांडणं पार्किंगवरनं होतात तेवढी पुरेत.

आणि जुन्या घरात अर्थिंग आहे का ते वायरमनकडनं तपासून घ्या, नसेल तर स्पीकरमधनं सतत घूंऽऽ येतं आणि लोक स्पीकर बदलत बसतात. मे महिन्यात वळवाची वीज कडकडायला लागली की प्लग काढा, डिशची केबल पण काढा, ती लोक विसरतात.

प्रश्न : खानापूर तालुक्यात आमचं कौलारू घर आहे. माळ्यावर प्रोजेक्टर लावायचा विचार आहे. लांबी १२ फूट, दोन्हीकडं छप्पर उतरतं, बाजूला उंची साडेचार फूटच आहे, मधे आढ्याखाली १० फूट. ऑनलाइन सात-आठ हजारात फोर-के प्रोजेक्टर दिसतोय, घेऊ का?
(एक वाचक, खानापूर)

उत्तर : सात-आठ हजारात फोर-के मिळत नाही. ‘फोर-के सपोर्ट’ म्हणजे फोर-के सिनेमा तो घेतो आणि स्वतःच्या कमी पिक्सेलात दाखवतो. खाली बारीक अक्षरात नेटिव्ह रिझोल्यूशन (मशीनचे स्वतःचे पिक्सेल) लिहिलेलं असतं ते वाचा, निदान १०८० हवं. ल्युमेनचे (उजेडाचं माप) पण दहा-दहा हजार आकडे छापतात, तिथं अ‍ॅन्सी ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेले, किती ते विचारा, उत्तर नाही आलं तर पुढं चला.

पडदा उतरत्या बाजूला लावायचा नाही, तिकोनी भिंतीवर आढ्याच्या बरोबर खाली. मग हिशेब करा. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी. दीडचा प्रोजेक्टर असेल तर १०० इंची चित्राला, ज्याची रुंदी सव्वासात फूट येते, जवळजवळ ११ फूट लागतात, म्हणजे तुमच्या १२ फुटांत प्रोजेक्टर मागच्या भिंतीला चिकटतो आणि त्याच्या पंख्याला श्वास घ्यायला जागा राहत नाही. ८० इंची घेतलं तर ९ फुटांत बसतं, आणि चित्राच्या कडा उतरत्या वाशांना लागायची भीती पण कमी. प्रोजेक्टर मध्यरेषेवर, सरळ. वाकडा ठेवून कीस्टोननं चित्र सरळ करत बसलात तर पिक्सेल वाया जातात आणि चित्र मऊ होतं. काचेचं कौल असेल तर त्याखाली काळं कापड सरकवता येईल असं करा.

खरा त्रास मशीनचा नाही, पावसाचा. तुमच्याकडचा जुलै आम्हाला माहीत आहे. कौलांवर धो-धो लागला की कुठलाही सेंटर स्पीकर हरतो, त्या दिवसांत हेडफोन लावा किंवा सबटायटल वाचा. आणि दमट हवेत लेन्सवर बुरशी धरते, पावसाळाभर मशीन गुंडाळून ठेवण्यापेक्षा आठवड्यातनं दोनदा तासभर चालवा, आतली गरमी ओल घालवते. ठेवायचंच असेल तर घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून, आणि डबा बंद करायच्या आधी मशीन पूर्ण गार झालेलं असू दे.

प्रश्न : निपाणीत नवीन घर. खोली १२ बाय १२. कोच बरोबर मध्यावर आहे, तिथं बास अजिबात नाही, मागच्या भिंतीला टेकून उभं राहिलं तर छाती हादरते. सबवूफर खराब आहे काय? भिंतींना अंड्याचे ट्रे लावू का?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : सबवूफर ठीक आहे, खोली चौरस आहे. १२ फुटांच्या दोन भिंतींमधे ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकतो, त्याचा जोर भिंतीपाशी जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. तुमची लांबी-रुंदी सारखी म्हणून दोन्हीकडनं एकच सूर अडकतो आणि दुप्पट त्रास देतो. कोच मध्यावरनं दोन फूट मागं घ्या, पण भिंतीला टेकवू नका. मग सबवूफर उचलून कोचावर, तुमचं डोकं असतं तिथं ठेवा, बासवालं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेनं गुडघ्यावर रांगत फिरा, जिथं बास सगळ्यात साफ ऐकू येईल ती सबवूफरची जागा. घरचे हसतील, हसू दे. अंड्याचे ट्रे बासचं काही करत नाहीत, थोडा वरचा आवाज दबतो इतकंच, आणि पेट भर्रकन घेतात, त्यामुळं ते अंडीवाल्याला परत द्या.