रॉ, जेपेग, पीएनजी: काय कुठे वापरशील?

ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो टिपायला निघाला आहेस, तर कॅमेरा रॉवर ठेव, म्हणजे सेन्सरने टिपलेलं कच्चंच फाइलमध्ये राहतं. जेपेगमध्ये लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या मावतात. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. उन्हात पांढरट पिसं जास्तच उजळली, तर रॉमधून बरंच सावरता येतं, जेपेगमधून फारसं नाही. व्हाइट बॅलन्सही (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेलं रंगांचं संतुलन) घरी येऊन निवांत बदल. कार्ड लवकर भरतं, त्याला इलाज नाही. दुसरं कार्ड घे.

म्हणून जेपेग वाईट ठरत नाही. फाइल लहान करायला तो डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील टाकून देतो, आणि टाकलेलं परत मिळत नाही. नुसती उघडून पाहिली किंवा कॉपी केली तर काही बिघडत नाही (लोक उगाच घाबरवतात). फेरफार करून पुन्हा पुन्हा सेव्ह केलीस, तर मात्र झीज होते. चालू काम टिफमध्ये (सेव्ह करताना सहसा तपशील न टाकणारा फॉरमॅट) ठेव, शेवटी एकदाच जेपेग काढ.

पीएनजी लोगो, स्क्रीनशॉट, पारदर्शक पार्श्वभूमी यांसाठी. फोटोला नको, फाइल उगाच फुगते. गिफमध्ये एका चित्रात २५६च रंग, तेव्हा तो विषयच सोड.

आयफोनवरची एचईआयसी (आयफोनचा फोटो ठेवायचा फॉरमॅट) जागा वाचवते, पण नौपाड्यात प्रिंट काढायला जाताना जेपेग करूनच ने. दुकानातल्या कॉम्प्युटरवर ती उघडेलच असं नाही. आणि नुसतं फाइलचं नाव बदलून काही होत नाही, एक्स्पोर्ट करावं लागतं. व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ आली, तर डॉक्युमेंट म्हणून पाठव.